गालाच्या बाजूने

"झोंबत नसेल तर ते आफ्टरशेव्ह कसलं? त्याला अत्तर म्हणा." परवा सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या बाकावर आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी हा निकाल दिला आणि बाकीच्या पाच जणांनी माना डोलावल्या. निमित्त मीच पुरवलं होतं. दाढीनंतर लावायचं ते स्पिरिटवालं पाणी सोडून मी हल्ली बाम लावतो, हे माझ्या तोंडून निसटलं होतं. "बाम? तो डोकं दुखल्यावर लावतात," एकजण म्हणाला, आणि पुढची पाच मिनिटं माझ्या गालांची यथेच्छ चौकशी झाली.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे, मान्य. पण स्नेही हसत नव्हते. त्यांनी रीतसर मांडणी केली. झोंबतं म्हणजे जंतू मरतात. झोंबल्यामुळे कातडी आवळते आणि उघडलेली रंध्रं मिटतात. शिवाय त्यांच्या वडिलांनी जन्मभर तुरटी फिरवली आणि ते शेवटपर्यंत तुकतुकीत होते. चौथा मुद्दा त्यांनी शब्दांत मांडलाच नाही, माझ्याकडे नुसतं पाहिलं. पुरुषाच्या जातीने एवढं तरी सोसावं, असा त्याचा आशय. ही मतं त्या बाकापुरती असती तर मी चहा पिऊन घरी गेलो असतो. पण ती घराघरांतल्या आरशांसमोर रोज सकाळी अमलात येतात, डोळे मिटून, दात आवळून, तोंडाने 'स्स्स' असा आवाज करत. म्हणून हा जाहीर जबाब.

दुसऱ्या दिवशी मी बाटली खिशात घालून गेलो. स्नेह्यांना हात पुढे करायला लावला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला चार थेंब टाकले.

"काय वाटतं?"

"गार."

"झोंबत नाही?"

"हाताला कशाला झोंबेल? हाताची का दाढी केलीय?"

माझं निम्मं काम त्यांनीच करून टाकलं. बाटली तीच, स्पिरिट तेच, आणि त्या स्पिरिटची जंतू मारायची ताकद मनगटावर जेवढी तेवढीच गालावर. तरी एका जागी गारवा, दुसऱ्या जागी आग. इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात तेव्हाही गारच लागतं आणि म्हणून काही तिथले जंतू जिवंत सुटत नाहीत. म्हणजे झोंबणं आणि जंतू मरणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. संबंध आहे तो कातडी शाबूत आहे की सोललेली, याच्याशी.

आता ही आग नेमकी कसली, ते पाहू. आपल्या कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णतेची वर्दी देणारा एक संवेदक असतो, टीआरपीव्ही-१ नावाचा. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो शोधला तो मिरचीच्या मदतीने, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं ह्याच संवेदकाला जाऊन चिकटतं. त्या कामाबद्दल ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पटापौटियन यांच्यासोबत विभागून. एरवी हा संवेदक साधारण ४२ अंश सेल्सिअसला जागा होतो आणि 'भाजतंय' म्हणून ओरडतो. २००२ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की अल्कोहोल लागलं की त्याची ही पातळी ३४ अंशांच्या आसपास घसरते. आणि आपलं अंग तर ३७ अंशांचं. म्हणजे गालावर निखारा ठेवलेला नसतो, काही भाजतही नसतं. आपल्याच रक्ताच्या उबेला मज्जातंतू चटका समजून बसलेला असतो. ठेचा खाल्ल्यावर तोंडात जो जाळ होतो, त्याच्याच कुळातला हा जाळ. ठेच्याने तोंडातले जंतू मेले, असं कोणी म्हणत नाही.

पण मग शाबूत मनगटाला हे का कळलं नाही? कारण तिथे वरचा थर जागेवर आहे. मेलेल्या पेशींचा हा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्शाएवढा असतो. पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधे स्निग्धतेचा गिलावा. वस्तरा फिरतो तेव्हा तो केसाबरोबर ह्या विटाही खरवडून नेतो. साबणाच्या फेसाने गिलावा आधीच सैल केलेला असतो, कारण त्वचा मुळात किंचित आम्ल आणि आपला नेहमीचा साबण चांगलाच अल्कधर्मी. अशा उघड्या पडलेल्या भिंतीवर स्पिरिट ओतलं की ते थेट आत जातं आणि जाताना उरलासुरला गिलावाही विरघळवतं. आग पाच मिनिटांत शमते. पण दुपारी गाल ताणल्यासारखा वाटतो, संध्याकाळी पांढुरकी साल सुटते, आणि पुण्या-नाशिकच्या कोरड्या थंडीत हे सगळं दुपटीने होतं. त्याचा दोष मात्र हवेला जातो.

जंतूंचा मुद्दा इतक्यावर सोडणं स्नेह्यांवर अन्यायाचं होईल, कारण त्यात तथ्य होतं, एके काळी. पेनिसिलिन सर्रास मिळत नव्हतं आणि एकच वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून गावभर फिरत होता, तेव्हा दाढीनंतर स्पिरिट लावणारा माणूस शहाणा होता. आज दवाखान्यात उघड्या जखमेत स्पिरिट ओतत नाहीत. ती स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुतात, कारण स्पिरिट जंतूंबरोबर नव्याने भरून येणाऱ्या पेशींनाही इजा करतं. आणि ज्या धोक्यांची खरी भीती बाळगायची, ती कावीळ 'ब' किंवा 'क', ते वापरलेल्या पात्यावरून थेट रक्तात उतरतात. आत गेलेला विषाणू वरून शिंपडलेल्या सुगंधी पाण्याने बाहेर येत नाही. सलूनमध्ये गेल्यावर गाल किती चरचरला हे पाहण्यापेक्षा कारागिराने नवं पातं आपल्या डोळ्यांदेखत कागदातून काढलं का, हे पाहावं. माझा अनुभव असा, की नवं पातं मागायला संकोचणारेच लोक नंतर 'जरा जास्त लाव' म्हणून गाल पुढे करतात.

स्पिरिटचा एवढा अभिमान बाळगणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेचं हातांसाठीचं जंतुनाशक आहे, त्यात ८० टक्के इथेनॉल असतं. ते जंतू मारण्यासाठीच बनवलंय, सुगंधासाठी नाही. तरी त्यात १.४५ टक्के ग्लिसरीन घातलेलं आहे, केवळ हाताची कातडी कोरडी पडू नये म्हणून. दिवसभर भांडी-धुणी सोसणाऱ्या हाताची एवढी काळजी, आणि नुकत्याच सोललेल्या गालाने मात्र मर्दासारखं उभं राहायचं!

रंध्रांबद्दल फार बोलायची गरज नाही. रंध्रं म्हणजे दुकानाचं शटर नव्हे. ती उघडायला-मिटायला तिथे स्नायूच नाही. केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो खरा, पण त्याचं काम थंडी वाजली की केस उभा करणं. स्पिरिटने किंवा तुरटीने कातडी थोडा वेळ आवळल्यासारखी होते, गार पाण्यानेही होते. तास-दोन तासांत होती तशी होते.

तुरटीवर मात्र थांबायला हवं. तिच्यावर माझं प्रेम आहे आणि तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी बरंच भलतंसलतं बोललं जातं. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अॅल्युमिनियमचं सल्फेट. गढूळ पाण्यात फिरवली की जी गाळ खाली बसवते, तीच. ती काप लागलेल्या जागी रक्तातली प्रथिनं गोठवते आणि रक्त थांबतं. शिवाय तिचं पाणी आम्ल असतं, त्यामुळे साबणाचा अल्कधर्मीपणा थोडाफार उतरतो. इथपर्यंत स्नेह्यांच्या वडिलांचं बरोबरच होतं. पण त्यांनी तुरटी कशी फिरवली, हे मी मुद्दाम खोदून विचारलं. तर म्हणे, ओल्या गालावर हलक्या हाताने, मग गार पाण्याचे हबके, आणि वर खोबरेल तेलाचा एक थेंब तळहातावर चोळून. वाः! म्हणजे त्यांच्या तुकतुकीतपणाचं श्रेय वीस सेकंदांत धुऊन टाकलेल्या तुरटीचं किती आणि त्या खोबरेलाचं किती? मुलाने वडिलांचा पहिला अर्धा विधी उचलला आणि दुसरा अर्धा विसरला. सलूनमधली तुरटीची वडी ही आणखी वेगळी गोष्ट. ती सकाळपासून दहा गालांवरून, त्यातल्या दोनचार कापांवरून फिरलेली असते आणि धुतली तरी निर्जंतुक होत नाही. आपली वडी आपल्या घरी असावी.

तुरटीचा खरा उपयोग मला फार उशिरा कळला, आणि ह्या सगळ्या वादाची मेखही तिथेच आहे. दाढीनंतर ओल्या चेहऱ्यावर ती फिरवताना कुठे चुणचुण होते आणि कुठे काहीच होत नाही, याकडे आठवडाभर लक्ष द्या. माझ्या गालांना काही होत नसे. हनुवटीखाली, गळ्याच्या डाव्या बाजूला मात्र रोज जाळ. वर्षानुवर्षं मी समजत होतो, की तिथली कातडीच नाजूक आहे. एके दिवशी दोन दिवसांचे खुंट वाढू देऊन बोटाने चाचपून पाहिलं, तर त्या भागात केस खालून वर उगवतात, तिरपे. आणि मी तिथे ठामपणे वरून खाली वस्तरा ओढत होतो, म्हणजे नकळत रोज उलटा हात मारत होतो. दिशा बदलली आणि चौथ्या दिवशी तुरटी तिथे मुकी झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे. झोंबणं हे औषध लागू पडल्याचं चिन्ह नाही, ती गालाने केलेली तक्रार आहे. आणि तक्रार आफ्टरशेव्हविरुद्ध निम्मीच असते. उरलेली निम्मी दाढीविरुद्ध, म्हणजे आपल्याच हाताविरुद्ध असते. त्यामुळे 'कोणतं आफ्टरशेव्ह झोंबत नाही?' असं विचारत दुकानं पालथी घालणारे गिऱ्हाईक आणि झोंबण्याची आरती करणारे आमचे स्नेही, दोघेही एकच चूक करतात. दोघेही बाटलीकडे बघतात, वस्तऱ्याकडे नाही.

सुक्या केसापेक्षा भिजलेला केस कापायला कितीतरी कमी जोर लागतो. त्याला पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं हवीत. म्हणून अंघोळीनंतरची दाढी अंघोळीआधीच्या दाढीपेक्षा सुखाची. आमच्याकडे मात्र 'आधी दाढी, मग अंघोळ' हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. दाढीचे केस अंगावर घेऊन घरात फिरायचं नाही, असं त्याचं कारण. बरं, अंघोळ नंतरच करायची असेल तर निदान गरम पाण्यात पिळलेला पंचा तोंडावर ठेवून दोन मिनिटं बसा. पातं पाच-सात दाढ्यांनंतर बदला. ते बोथट झालं की माणूस जोर वाढवतो, आणि जोर केसावर न पडता कातडीवर पडतो. तीन-चार पात्यांचा रेझर असेल तर तो आधीच केस ओढून कातडीच्या पातळीखाली कापतो. त्यावर आणखी उलटा हात मारला, तर कुरळ्या केसांच्या माणसाला केस आतच वळून वाढल्याच्या पुटकुळ्या ठरलेल्या. लग्नाच्या दिवशी गुळगुळीत गाल हवा हे समजतं, पण दर मंगळवारी कशाला?

सोसण्याचा मुद्दा राहिला. त्याला उत्तर देणं मला कमीपणाचं वाटतं, तरी एक पुरावा देतो. हेच शूर वीर मेंथॉलवाली बाटली घेतात. मेंथॉल थंडीची वर्दी देणाऱ्या वेगळ्या संवेदकाला चाळवतं; कातडीचं तापमान आहे तेवढंच राहतं, पण मेंदूला वाटतं गारवा आला. म्हणजे आधी स्पिरिटने आगीचा आभास निर्माण करायचा आणि मग पुदिन्याच्या सत्त्वाने थंडीचा. सोसायचंच होतं, तर ही तडजोड कशाला?

आता माझ्याच बाजूला येऊन उभ्या राहिलेल्या मंडळींचाही समाचार घेतला पाहिजे, कारण त्यांची गर्दी वाढतेय. 'अल्कोहोल-फ्री' एवढे शब्द वाचून बाटली उचलणाऱ्यांना सांगायचं ते हे, की स्पिरिट काढलं म्हणजे सुगंध निघून जात नाही. गाल लाल होऊन खाजतो, तेव्हा पुष्कळदा अपराधी सुगंध असतो. काही सुगंधी घटक ॲलर्जी आणू शकतात म्हणून युरोपात ते वेष्टनावर वेगळे छापावे लागतात. आधी त्यांची यादी २६ ची होती, २०२३ च्या नियमाने ती ८० च्या पुढे गेली. त्यात लिंबाच्या सालीतलं लिमोनीन आहे आणि लवंगेतलं युजेनॉलही आहे. मस्क अँब्रेट नावाची कृत्रिम कस्तुरी एके काळी आफ्टरशेव्हमध्ये सर्रास असे. ती लावून उन्हात गेलेल्यांचे चेहरे सुजू लागले, १९७०-८० च्या दशकांत अशा रुग्णांची नोंद झाली आणि पुढे युरोपात तिच्यावर बंदी आली. आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ कातडीला तर आणखी एक भोग असतो. दाह उतरला तरी डाग मागे राहतो, महिनोन् महिने. हनुवटीखालचा तो काळपट पट्टा मळाचा नाही. घासून निघत नाही आणि घासल्याने वाढतो.

दुसरी मंडळी 'केमिकल नको, घरचं लावा' म्हणत दाढीनंतर लिंबाची फोड फिरवतात. लिंबाचा रस अंगावर ठेवून उन्हात जाणं म्हणजे चट्ट्यांना आमंत्रण. लिंबातली काही द्रव्यं उन्हात चवताळतात आणि कातडी भाजल्यासारखी होते. निसर्गाने लिंबू आफ्टरशेव्ह म्हणून बनवलेलं नाही.

आणि वेष्टन वाचायचंच, तर नीट वाचा. यादीत सीटिल, स्टिअरिल, सीटोस्टिअरिल अशा नावांपुढे 'अल्कोहोल' दिसलं की काहीजण बाटली परत ठेवतात. ही मेणासारखी स्निग्ध द्रव्यं. ती झोंबत नाहीत, उलट गालाला मऊ ठेवतात. झोंबतं ते 'अल्कोहोल डिनॅट', म्हणजे पिता येऊ नये म्हणून कडू करून ठेवलेलं स्पिरिट. घटक उतरत्या प्रमाणात छापलेले असतात, त्यामुळे ते पहिल्याच क्रमांकावर असेल तर बाटलीत बहुतांशी तेच आहे असं समजा. ग्लिसरीन, पँथेनॉल, ॲलॅन्टॉइन ही नावं पहिल्या रांगांमध्ये असतील तर ती बाटली सोललेल्या गालासाठी आहे. नवीन काही घेतलं तर थेट गालावर प्रयोग करू नका. आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा लावा. तिथे पुरळ आलं तर शर्टाच्या बाहीखाली झाकता येतं.

इतकं सगळं ऐकल्यावर आमचे स्नेही गप्प झाले, असं तुम्हांला वाटलं असेल. मुळीच नाही. ते म्हणाले, "मग सरकारने स्पिरिट चालू कसं दिलं?" प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही, कारण मुंबईत एकदा नेमका हाच खटला उभा राहिला होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याविरुद्ध एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. व्हिस्की-ब्रँडीबरोबर त्यांनी यू-डी-कोलोन आणि लॅव्हेंडर वॉटर बाळगण्याचा, वापरण्याचाही हक्क मागितला होता. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी कायम ठेवली, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं ज्या कलमांच्या तडाख्यात येत होती, ती तेवढ्यापुरती रद्द केली. व्हिस्की गेली, कोलोन वाचलं. तेव्हा स्पिरिटचा तुमच्या न्हाणीघरातला हक्क न्यायालयाने मान्य केलेला आहे, मी तो काढून घेत नाही. ते गालावर नेमकं केव्हा ओतायचं, याबद्दल मात्र न्यायमूर्ती काही बोललेले नाहीत.

मग त्यांनी खरं कारण सांगितलं, जरा आवाज खाली आणून. वडील गेल्यानंतर पहिल्या पगाराची त्यांनी जी बाटली घेतली होती, तिचा वास. रोज सकाळी तो आला की दिवस सुरू झाल्यासारखं वाटतं. बामला कसलाच वास नाही.

ह्यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. रसायनशास्त्र इथे उपयोगाचं नाही आणि सुगंध हवेत पसरवायला स्पिरिटसारखं वाहन दुसरं नाही, हेही खरं. पण वास यायला गाल जळावाच लागतो, असं कुठे आहे? मी त्यांना सुचवलं, की दाढी रात्री करा. रात्रभरात गाल बराच सावरतो, मग सकाळी चार थेंब तळहातांवर घेऊन क्षणभर चोळा, स्पिरिट थोडं उडून जाऊ द्या आणि हलके थोपटा. रात्रीची दाढी त्यांना पटली नाही. दाढी ही सकाळची गोष्ट, म्हणाले. ठीक. मग सकाळीच करा, साबण नीट धुवा, पंचाने घासू नका, टिपून घ्या, ओलसर गालावर बाम लावा. आणि ती बाटली उघडून शर्टाच्या आत, छातीवर लावा. तिथे वस्तरा फिरलेला नसतो.